काकींच्या वाट्याचे प्रश्न

"काकी सकाळी शांत झाल्या. तीनला घरून निघू." संदेश एवढाच होता. मी धुळ्यात, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, दुसऱ्या वर्षाच्या स्पॅनिशच्या वह्या तपासत बसले होते. कोण काकी, कुठल्या काकी, असलं काही त्यात नव्हतं आणि लागतही नव्हतं. जळगावच्या त्या गल्लीत काकी म्हटलं की एकच. मिळेल ती बस धरली, पण पारोळ्याच्या पुढे रस्त्याचं काम निघालेलं, एका बाजूने वाहनं सोडत होते. पोचले तोवर माणसं परतून, आंघोळी करून ओट्यावर बसली होती. मी इतकी चिडले... बसवर, रस्त्यावर, सकाळचा पहिला तास घेत बसले म्हणून स्वतःवर. भाभींनी, म्हणजे काकींच्या पुतण्याच्या बायकोने, मला आत बोलावलं आणि कपाटातून जुन्या ओढणीत बांधलेलं एक गाठोडं काढून हातात ठेवलं. "तुमचं आहे म्हणून सांगून ठेवलं होतं त्यांनी." गाठ सोडायची गरजच पडली नाही. हाताला लागताच कळलं, आत रेतीची घडी आहे आणि एक शंभर पानी वही.

ज्यांना ही घडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जैन घरांत सामायिक, म्हणजे रोजचं ध्यान, करायला बसतात ते अठ्ठेचाळीस मिनिटं. काचेच्या घडीतली रेती वरून खाली येईपर्यंत जागचं उठायचं नाही, घरसंसाराचा शब्द काढायचा नाही. काकींची घडी लाकडी चौकटीतली होती, एका बाजूची दांडी मोडली म्हणून तिथे दोरा गुंडाळलेला. त्या घडीवर मी स्पॅनिश शिकले. हसू नका, खरंच सांगते. आज मी जी काही चार पोरांना शिकवते, दोन पुस्तकांचं भाषांतर केलं, त्याचं मूळ तिथे आहे. आणि हे मी आजवर कुठेही लिहिलं नाही, कुणाला धड सांगितलंही नाही, म्हणून आता लिहायला बसले.

काकी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. आमचं घर चोपड्याचं, केळीचं. मी बारावीत असताना आमच्या भागातल्या केळीच्या बागा बघायला दूर दक्षिण अमेरिकेतून स्पॅनिश बोलणारे चार पाहुणे आले होते, सोबत दुभाष्या होता. आबांनी, माझ्या वडिलांनी, त्यांना कौतुकाने घडापासून मुळापर्यंत सगळं समजावलं आणि दुभाष्याने ते दोन श्वासांत आटोपलं. घरी येऊन आबा तणतणत होते, "मी इतलं बठ्ठं सांगं, अन् त्यानी तीन शब्दमा उरकी टाकं!" त्याच वर्षी जळगावच्या एका कॉलेजने मोठ्या हौसेने बी.ए.ला स्पॅनिश आणलं होतं. आबांनी पेपरात वाचलं आणि ठरवूनच टाकलं, आपली पोर बठ्ठं सांगी, म्हणजे सगळंच्या सगळं सांगेल. सगळ्या तालुक्यात माझी थट्टा झाली. कुणी विचारे, पोर परदेशात केळी विकणार का? मला स्वतःला त्या भाषेचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, पण जळगावला राहायला मिळणार या आनंदात मी हो म्हणून मोकळी झाले.

राहायची सोय काकींच्या घरी झाली. ते मारवाडी कुटुंब, खाली कापडाचं दुकान, वर घर. आबांचं वर्षानुवर्षं तिथेच येणं-जाणं, त्यामुळे विश्वासाचं ठिकाण. वरच्या मजल्यावरची गच्चीलगतची खोली मला मिळाली. नियम तीन : कांदा-लसूण खोलीत नको, दिवस मावळायच्या आत घरात, आणि मावळल्यानंतर खाणं नाही. आता चोपड्याच्या पोरीला लसणाशिवाय घास उतरतो का? आईने दिलेली लसणाची चटणी मी पत्र्याच्या पेटीत, स्वेटरच्या घडीत लपवून ठेवली होती. चौथ्या दिवशी काकी पाणी द्यायला आल्या, उंबऱ्यातच थांबल्या, नाक किंचित वर केलं आणि म्हणाल्या, "बेटा, ती पेटी उघडशील तेव्हा खिडकी पण उघडत जा." बस. कुणाला सांगितलं नाही, पुन्हा विषय काढला नाही. मी लाजेने अर्धी झाले आणि त्याच दिवशी मनातून त्यांची झाले.

काकी तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. लग्नानंतर पाच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून दिराच्या आणि पुढे पुतण्याच्या घरात. घर वाईट होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. संवत्सरीला, क्षमा मागायच्या दिवशी, लहानथोर त्यांच्या पाया पडत, चांगलंचुंगलं आधी त्यांच्या ताटात जाई. फक्त त्यांना कुणी काही विचारत नसे. भाजी कुठली करू, गावाला जायचं का, पंखा लावू का... हे सगळं ठरून त्यांच्यापर्यंत येई आणि त्या "हां" म्हणत. हे मला तेव्हा दिसत नव्हतं. अठरा वर्षांची होते, मला माझंच पडलं होतं.

माझं म्हणजे असं की पहिल्या सहामाहीत मी लेखीत वर्गात दुसरी आले आणि तोंडीत सपशेल नापास झाले. परीक्षक बाईंनी विचारलं, तुमचं नाव काय? एवढं सोपं! घोकलेलं सगळं जिथल्या तिथे राहिलं आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. आबांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. फोनवर म्हणाले, "बठ्ठं पुस्तकमा शे, तोंडमा काहीच नई. मी तुले बोलाकरता धाडेल शे ना? आते पुढली परीक्षामा बोलता उनं त ठीक, नईतं घर ये. चोपडाना कॉलेजमा नाव टाकू." त्यांचं चुकलं नव्हतं. पण तोवर त्या भाषेने मला धरलं होतं. आमच्या मॅडमनी एक छोटीशी गोष्ट वर्गात वाचली होती, अर्धी कळली, अर्धी नाही, आणि उरलेली अर्धी कळल्याशिवाय मी चोपड्याला परत जाणं शक्य नव्हतं. मॅडमना जाऊन म्हटलं, बोलायला माझ्याकडे कुणीच नाही. त्या म्हणाल्या, भिंतीशी बोल.

म्हणून मी भिंतीशी बोलायला लागले. दुपारी, दार लावून, मोठमोठ्याने. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. काकी. "कुणाशी भांडते बेटा?"

"भांडत नाही काकी, भिंतीशी बोलते. परीक्षेचं आहे."

"भिंत जवाब देते?"

"तीच तर अडचण आहे ना."

त्या खाली गेल्या. मला वाटलं, गेल्या बिचाऱ्या, पोरीचं डोकं फिरलं म्हणून सांगतील. तर पाच मिनिटांनी परत, हातात ती घडी. खाटेवर नीट मांडी घालून बसल्या, घडी उलटी करून मधे ठेवली. "माझी सामायिक झाली. आता ही तुझी. रेती खाली येईतो मी हलणार नाही. सांग, भिंतीने काय बोलायचं?"

काकी चौथी शिकलेल्या. देवनागरी वाचत, धर्माची पुस्तकं रोज वाचत. मी नवी वही आणली आणि पाठ्यपुस्तकातले संवाद मोठ्या अक्षरांत देवनागरीत उतरवून दिले. हॉटेलचा कारकून, तिकीटवाला, दुकानदार, डॉक्टर... हे सगळे त्या. प्रवासी, गिऱ्हाईक, आजारी माणूस ही मी. फक्त त्यांच्या ओळी लिहिल्या, खाली मराठीत अर्थ, आणि माझ्या उत्तराच्या जागी एकेक ओळ कोरी सोडली. त्यांना माझ्या ओळींचं काय करायचंय, असं वाटलं. हे वाक्य लिहिताना आज हात अडखळतो.

तर अशी काकींची स्पॅनिश सगळी प्रश्नांची होती. कोमो से यामा उस्तेद, तुमचं नाव काय? कुआन्तास नोचेस, किती रात्री राहणार? के देसेआ, काय हवंय? दोन्दे ले दुएले, कुठे दुखतंय? पहिल्या आठवड्यात त्या बिचकत वाचायच्या, दुसऱ्या आठवड्यात वही मिटून बोलायला लागल्या, आणि महिन्याभरात मला धारेवर धरायला लागल्या. दुकानदार झाल्या की तर विचारू नका! मी दोन वस्तू घेऊन आभार मानून निघाले की हात धरून बसवायच्या, "अशी कशी जाते? अजून दाखवते ना, बघ तर." पुढचं हिंदी, मारवाडी, हातवारे, जे सुचेल ते. मला उत्तर द्यावंच लागे. कापडाच्या दुकानाच्या वरच सगळा जन्म गेलेला, गिऱ्हाईक सोडायचं नाही हे त्यांच्या रक्तातच होतं. एकच पाठ त्यांनी बोलायला साफ नकार दिला. उपाहारगृहाचा. त्यात वेटर विचारतो, मांस की मासे? अर्थ वाचून काकींनी वही लांब सरकवली. "हे माझ्या तोंडून निघणार नाही. जीव आहे तो." मग आम्ही दोघींनी मिळून पाठच बदलला. आमच्या उपाहारगृहात वरण, भेंडी आणि खिचडी मिळे, आणि वेटर आधी बजावे की दिवस मावळला की चूल बंद. मी गिऱ्हाईक, म्हणून माझं पहिलं वाक्य ठरलेलं : सूर्य मावळायला किती वेळ आहे?

आता बघा गंमत. दुसऱ्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते, जाड भिंगाचा चष्मा, चेहऱ्यावर माशी हलेना. माझ्या नशिबाला चिठ्ठी निघाली उपाहारगृहाची. ते वेटर, मी गिऱ्हाईक. त्यांनी विचारलं, मांस की मासे? आणि चार महिन्यांच्या सवयीने माझ्या तोंडातून खाडकन निघालं, सूर्य मावळायला किती वेळ आहे? परीक्षक गोंधळले. त्यांनी खरोखर खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, तासभर असेल. म्हटलं, मग लवकर आणा, वरण आणि भेंडी. त्यांनी पेन खाली ठेवलं. हे काय आहे, कुठल्या पुस्तकातलं? मग मी सांगायला लागले. काकी, घडी, भिंत, मावळायच्या आतलं जेवण, लसणाची पेटी सुद्धा! चुकत, अडखळत, एका शब्दासाठी तीन शब्द वापरत, पण बोलत सुटले. थांबा म्हणेपर्यंत दहा मिनिटं झाली होती. वर्गात तोंडीला सगळ्यात जास्त गुण मला पडले. आबांना फोन केला, तर ते पलीकडून एवढंच म्हणाले, "हाई बरं झायं," आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. काकींना सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, "त्या साहेबांना माझ्याबद्दल कशाला सांगितलं?" आणि मग खाली जाऊन तुपातला शिरा केला, दिवस मावळायच्या आत.

पुढची दोन वर्षं साहित्याची. तोवर संवादांची गरज संपली होती, पण घडी काही बंद झाली नाही. दुपारी त्या यायच्या, घडी उलटायच्या, आणि मी वर्गात वाचलेली गोष्ट त्यांना मराठीतून सांगायची. खाणीतले मजूर, समुद्रकाठची गावं, हुकूमशहा, भुतं... काकींना भुतांचं काही वाटत नसे, पण माणसं अवेळी जेवली की त्या हळहळत. एकदा मी एका धोबिणीची गोष्ट सांगितली. सगळ्या गावाचे कपडे धुणारी म्हातारी एक दिवस नदीवर जाणं बंद करते. गाव तर्क लढवतं : कुणी म्हणतं आजारी पडली, कुणी म्हणतं माज आला, पाद्री म्हणतो पाप लागलं. गोष्ट तिथेच संपते. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, यात कारण दिलेलंच नाही काकी, हीच तर कला आहे. काकी रेतीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पण तिला कुणी विचारलं का?"

मी पुस्तक उघडून बघितलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. सगळ्या गावात तिला एकानेही विचारलं नव्हतं... मी ते निबंधात लिहिलं. मॅडमनी वर्गापुढे वाचून दाखवला आणि विचारलं, "हा विचार तुझा?" मी म्हटलं, हो. पुढे पुण्याला एम.ए. केलं तेव्हा माझा प्रबंधही त्याच प्रश्नावर उभा राहिला, आणि प्रस्तावनेत मी सगळ्यांचे आभार मानले, ग्रंथपालांचेसुद्धा. काकींचे नाहीत. कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते, चौथी शिकलेल्या घरमालकीणबाईंनी सुचवलं? लाज वाटली होती मला, दुसरं काही नाही. त्या लाजेची आज लाज वाटते.

मग नोकरी, लग्न, धुळे. जळगावच्या कॉलेजचा तो स्पॅनिशचा वर्गही पुढे मुलं मिळेनात म्हणून बंद पडला. दिवाळीत, राखीला माहेरी जाताना मी काकींकडे डोकवायची. त्या दारातच हॉटेलच्या कारकुनाच्या आवाजात विचारायच्या, "कुआन्तास नोचेस?" किती रात्री राहणार? आणि मी हसत म्हणायची, "निंगूना." एकही नाही. आमचा विनोदच झाला होता तो. मी चहा पिऊन चोपड्याची बस धरायची आणि त्या गच्चीतून बघत राहायच्या.

यंदा पाऊस लागता लागता भाभींचा फोन आला की काकी अंथरुणाला खिळल्यात. गेले तेव्हा डॉक्टर तपासायला आलेले होते. भला माणूस. त्यांनी पुतण्याला विचारलं, "यांना कुठे दुखतं?" पुतण्या म्हणाला, पोटात. भूक कशी आहे? कमी आहे. झोप? बरी आहे. काकी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या. डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "दोन्दे ले दुएले... डॉक्टर तर मी असायचे ना?" आणि हसल्या. मला हसू आलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, "काकी, दोन्दे ले दुएले?" मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाल्या, "याचा जवाब मला नाही येत, वर्षा. तू लिहूनच दिला नाही."

त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. वही उशाशीच होती. मी उघडली. पानामागून पान त्यांचे प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाखाली एक कोरी ओळ. सोळा वर्षं कोरी. मला तिथेच रडू फुटलं. काकी म्हणाल्या, "रडते कशाला? घडी उलटी कर, आणि शिकव."

मी घडी उलटी केली. शिकवलं : मे दुएले आकी, मला इथे दुखतं. दोन-चारदा घोळवून त्या म्हणाल्या आणि हात ठेवला... पोटावर नाही, उजव्या गुडघ्यावर. "पोटाचं आत्ताचं आहे. हा तीस वर्षांचा." मी तो गुडघा चोळत बसले आणि पुढचे प्रश्न विचारत गेले. काय हवंय? "वरचा पंखा बंद हवा. गार लागतो." मी उठून बंद केला. मग वहीचं पहिलं पान आलं. कोमो से यामा उस्तेद, तुमचं नाव काय? विचारलं आणि एकदम माझ्या लक्षात आलं की मला खरंच माहीत नाही. तीन वर्षं त्यांच्या हातचं जेवले, इतक्या वर्षांत दर दिवाळीला पाया पडले, आणि हा प्रश्न त्यांनी मला शेकडो वेळा विचारला होता, मी त्यांना कधीच नाही. मी उत्तराची सुरुवात सांगितली, मे यामो, माझं नाव. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. त्या कोऱ्या ओळीवर सावकाश लिहिलं, आणि मग वाचलं.

निघायची वेळ झाली तेव्हा कारकुनाच्या आवाजात प्रश्न आला, "कुआन्तास नोचेस?" मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "ऊना." एक. काकींचा चेहरा असा फुलला! तेवढी एक रात्र मी त्यांना दिली, एवढंच समाधान. बाराव्या दिवशी तो संदेश आला.

आज पाच आठवडे झाले. घडी माझ्या वर्गातल्या टेबलावर असते. पोरं जोड्या करून संवाद बोलतात, रेती संपली की बाजू बदलतात. प्रश्न ज्याचे होते त्याने उत्तरं द्यायची. हा नियम नवा आहे आणि तो मोडलेला मला चालत नाही. गेल्या सोमवारी नव्या तुकडीचा पहिला तास होता. पहिल्या तासाला मी दरवर्षी फळ्यावर तोच प्रश्न लिहिते, तुमचं नाव काय, आणि खाली उत्तर म्हणून स्वतःचं नाव. या वेळी प्रश्न लिहिला आणि खाली वहीतली ती एकमेव भरलेली ओळ उतरवली : मे यामो कंचन.

पोरांनी ती वहीत घेतली. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, कंचन कोण?"

मी घडी उलटी केली आणि सांगायला बसले.